डी मध्ये ठेव, म्हणाला होतास

३ फेब्रुवारी

धाकट्या,

वर सवयीनं 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. खोडलेलं दिसेल तुला, दिसू दे.

फोन मुद्दाम करत नाहीये. फोनवर तू 'हं, हं' म्हणतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चालू असतात, ती मला ऐकू येतात. मेल करायची तर त्या मशीनसमोर बसावं लागेल, आणि त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. म्हणून हा कागद. ओळखलास ना? आपला खाकी कागद, गिऱ्हाइकाला उभं करून पाय काढायचा. पाच वर्षांनी दुकानात पुन्हा आलाय आणि आता ढिगानं येणार आहे, कारण तू सगळे पाय पुसून गेलास.

हो, सगळे. तीनशे चाळीस माणसांचे.

तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी गणिताच्या बाई आल्या. तुला नापास करणाऱ्या पहिल्या आणि शेवटच्या बाई, त्याच. काठी भिंतीला टेकवली, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जुन्या जोडाची टाच गेली गं. नवा कर." मी म्हटलं, "पाच मिनिटं, बाई." मशीन सुरू केलं. सुरू मात्र पटकन झालं, तेवढं तुझं श्रेय. दवाखान्याच्या फरशीसारखं चकचकीत. आत पाहिलं तर सी ड्राइव्ह आहे आणि डी नाही. बंद करून पुन्हा चालू केलं. डी नाही. मी म्हटलं नव्या घरात सामान कुठंतरी आत ठेवलं असेल, म्हणून प्रत्येक खण उघडून पाहिला. बाई मागून म्हणाल्या, "काय गं, माझा पाय हरवला की काय?" मी हसले. खरंच हसले मी, तेव्हा मला वाटत होतं की सापडेल.

एका फाइलीत काय असतं ते तुला सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण तू विसरलेला दिसतोस. पायाची रेघ असते. कुठं टोचतं, कुठं बधिर आहे, कुठं जखम होऊन गेली, ते असतं. आपल्याकडे लाकडी साचे चाळीसच आहेत आणि माणसं तीनशे चाळीस. म्हणून कुणाच्या मापासाठी कुठल्या साच्यावर कुठं चामड्याचा तुकडा चिकटवायचा, किती जाडीचा, ते असतं. बूट झाला की तुकडे उचकटून साचा पुढच्या माणसाला. म्हणजे साच्यात काही उरत नाही, बुटात उरतं आणि फाइलीत उरतं. बाईंच्या त्या आखूड पायाला चौदा वेळा घालून बघावं लागलं होतं, तेव्हा कुठं त्या काठीशिवाय वर्गात उभ्या राहिल्या. चौदाही वेळचं लिहिलेलं होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बाईंच्याच बुटाची टाच सोडवत होते. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"सगळे?"

"सगळे."

"पहिली पण?"

पहिली फाइल कुणाची ते तुला माहीत आहे. उजवं पाऊल आत वळलेलं पोर जन्माला आलं म्हणून साधे काळे बूट शिवणारा एक माणूस चाळिशीच्या तोंडाशी नवं काम शिकायला गेला. त्या पोराचा तो पाय. पोर मोठं झालं, कॉम्प्युटर शिकलं, लांब गेलं, आणि परत येऊन स्वतःचाही पाय पुसून गेलं.

बाबांना आता समोरचं मधोमध दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. म्हणजे माणूस दिसतो, रेघ दिसत नाही. पुन्हा काढायचे म्हटले तरी त्यांच्या हातून ते पाय आता व्हायचे नाहीत. आणि मूळ कागद फेका, असं तूच म्हणाला होतास.

ते तुझ्याबद्दल बोलत नाहीत. तुझं नाव निघालं की पाणी प्यायला उठतात. मला यात अजिबात वाईट वाटत नाही.

आणखी एक. तू आलास त्या दिवशी दारातले तुझे बूट मी कपाटामागे ढकलले. का, ते तू विचारलं नाहीस. मीही सांगणार नाही.

ताई

१० फेब्रुवारी

धाकट्या,

तर पत्र वाचून तू फोन केलास आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, मी तीनदा विचारलं होतं." मोजलंस वाटतं! आयुष्यात बाकी काही मोजून केलं नाहीस, एवढं मात्र मोजलंस.

विचारलं होतंस. मी हो म्हणाले होते. तिन्ही वेळा. झालं समाधान?

आता ऐक. डिस्क काढून मी बाजारात एका माणसाकडे नेली. गेलेलं परत आणून देतो अशी पाटी आहे त्याची. टेबलावर पंधरा मशीनं उघडी पडलेली, मध्ये हा डबा उघडून जेवत होता. त्यानं आपली डिस्क लावली, जेवता जेवता बघितली, आणि मग जेवायचा थांबला.

म्हणाला, "ताई, नुसतं पुसलेलं असतं तर मी काढून दिलं असतं. लोक पुसतात म्हणजे काय करतात, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडतात. पानं आत असतात. इथं एकेका पानावर शून्य लिहिलंय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हे कुणी केलं?"

"माझ्या भावानं."

"मन लावून केलंय हो," तो म्हणाला. वर, "हुशार आहेत." ती डिस्क त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली मला. घरचं वाटोळं झालंय आणि परक्या माणसाकडून भावाचं कौतुक ऐकून घ्यायचं.

मशीन रडत होतं, मान्य. जाहिराती उड्या मारायच्या, बाईंचा पाय उघडावा तर आधी कुठल्या तरी क्रीमची बाटली दिसायची. त्या जुन्या सिस्टिमला आता तिची कंपनीही विचारत नाही, हेही तू समजावलंस. पण "वरवर नको, मुळापासून स्वच्छ करू" हे तुझं. तुला वरवर कधी काही जमलंच नाही. लहानपणी भांडी घासायला बसलास की कढईचं बूड चमकवायचास आणि बाकीची भांडी मला ठेवायचास.

आता डी चं. त्या माणसानं मला सांगितलं की सी आणि डी हे एकाच डबीतले दोन कप्पे. मध्ये नुसती कागदाची भिंत. मी म्हटलं, "काहीतरीच काय." तो म्हणाला, "सगळ्यांना असंच वाटतं."

मला असं का वाटलं? दहा वर्षांपूर्वी ते मशीन तू बसवलंस तेव्हा मला शेजारी बसवून म्हणालास, "सी मध्ये काही ठेवू नकोस ताई. सी म्हणजे अंगण, उद्या काही झालं तर तेच खणावं लागणार. डी मध्ये ठेव. मशीन मेलं तरी डी जगतं." मी ते वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे, तुझ्याच शब्दांत आहे. तू येणार म्हणून कळल्यावर मी दोन दिवस दुकान सांभाळून, डोळे चुरचुरेपर्यंत बसून, सी वरचं एक न एक डी मध्ये नेऊन ठेवलं. आईच्या हातच्या दोन पावत्यासुद्धा. तू 'हलवलंस ना' म्हणालास तेव्हा मी अभिमानानं हो म्हणाले. दहा वर्षं तुझं ऐकलं, त्याचं हे फळ.

कागदांचं मागच्या पत्रात लिहिलं ते तू फोनवर काढलं नाहीस. मोठेपणा केलास. म्हणून मीच सांगते. पाच वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, स्कॅन झालं तरी वर्षभर ठेव, मग बघू. तेव्हा तू गेलास त्याच आठवड्यात मी ते रद्दीवाल्याला दिले. मला माळा मोकळा हवा होता. सतरा वर्षं माझ्या पलंगावरच्या माळ्यावर तीनशे माणसांचे पाय होते आणि त्यांची धूळ माझ्या उशीवर पडायची. तुला काय, तू दुसऱ्या खोलीत झोपायचास.

हे लिहिलं म्हणजे माफी मागितली असं समजू नकोस.

ताई

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? हात जोडले होते तुझ्यापुढे?

सोमवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. मी मागे चामडं भिजवत होते. बाबांनी उचलला, त्यांना नंबर दिसत नाही म्हणून उचलला. मला इकडून काहीच ऐकू आलं नाही, नुसता फोन ठेवल्याचा आवाज आला. मग ते मागे आले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

"तो म्हणतो, चूक त्याची. ताईला विचारलंच नाही, म्हणतो. घाईत आपणच बटण दाबलं, म्हणतो."

मी हात पाण्यात तसेच ठेवले.

"तुला विचारलंही नाही त्यानं?"

आणि धाकट्या, मी "नाही" म्हणाले.

आता कसं वाटतंय? बरं वाटतंय? बहिणीला वाचवलं म्हणून छाती फुगली असेल. मला त्या दिवसापासून घास जात नाही. तू मला खोटं बोलायला लावलंस. नाही, लावलं नाहीस, खोट्याचं ताट वाढून पुढ्यात ठेवलंस आणि मी जेवले.

खरं काय झालं ते आपण दोघंच जाणतो, तर एकदा नीट लिहूनच काढते. दुपारची वेळ. बाबा आत आडवे झालेले. पडद्यावर प्रश्न आला, सगळं कायमचं जाईल, नक्की का? तू म्हणालास, "ताई, त्या काळ्या डबीत सगळं घेतलंस ना?" मी म्हटलं, "हो रे बाबा, किती वेळा विचारशील." तू म्हणालास, "मग तूच दाब. मशीन तुझं आहे." मी दाबलं. माझ्या बोटानं. मग चार तास ती हिरवी पट्टी सरकत राहिली आणि आपण समोर बसून चहा प्यायलो, शेंगा सोलल्या, आईच्या गोष्टी काढल्या. सत्तर टक्के झाले तेव्हा तू मला हसवत होतास. मी तुला सांगते, कित्येक वर्षांत इतकी चांगली दुपार गेली नव्हती, आणि आत एकेक पाय जात होता.

काळी डबी, तुझी ती बाहेरून जोडायची डिस्क, टेबलाच्या खालच्या खणात आहे. तू पाठवलीस त्या वेष्टनात, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. म्हणजे मी विचार न करता हो म्हणाले असं नाही. खोटं बोलले. डी मध्ये आहे म्हणजे झालं, आता हा पुन्हा ती डबी कशी लावायची ते शिकवत बसेल, 'इतकं सोपं आहे ताई' म्हणेल, म्हणून हो म्हणाले.

का उघडली नाही, तेही सांगते, कारण ते तुला कळायलाच हवं. आईचं वर्षश्राद्ध नव्हतं, काही नव्हतं, साधा महिना होता. बाबांच्या डोळ्यांचं नुकतंच कळलं होतं. तू म्हणालास, "मी येतो." बाबा तीन दिवस त्या खिडकीत बसले. चौथ्या दिवशी डबी आली. आत चिठ्ठी, 'सुट्टी मिळत नाही, हिच्यात सगळं ठेव म्हणजे काळजी नको.' भाऊ येणार होता, डबी आली. मी ती उघडायला हवी होती का? सांग ना. उघडायला हवी होती?

आणि आता हे. तू गुन्हा अंगावर घेतलास तो माझ्यासाठी घेतलास असं मला अजिबात वाटत नाही. गुन्हेगाराला एक सोय असते. त्याला घरी यावं लागत नाही. बाबा रागावलेत, तोंड बघायला तयार नाहीत, मग मी कशाला येऊ? झालं! डोळ्यात थेंब घालायला ताई, चामडं भिजवायला ताई, बाबांचा हात धरून जिना उतरवायला ताई. तू तिकडे बसून मोठ्या मनाचा.

मला नको तुझं मोठं मन. परत घे.

ताई

२ मार्च

तुझं पत्र आलं. सहा ओळी. मी तुला पानंच्या पानं लिहिते आणि तू सहा ओळी, त्यातली एक हवामानाची. 'मी आता न आलेलंच बरं.' मला माहीतच होतं. मागचं पत्र पुन्हा वाच, मी लिहिलंच होतं.

आज जास्त लिहायला वेळ नाही. गणिताच्या बाई रोज दहाला येतात. परवा त्यांनी घरातले जुने चार जोड पिशवीत घालून आणले आणि म्हणाल्या, "बूट आहेत ना? मग उत्तरावरून गणित मांड." आम्ही शिवण उसवतो, तळ सोडवतो, आतल्या बाजूला पाय कुठं टेकला ते बघतो. बाई फूटपट्टीनं मोजतात आणि मला ओरडतात, "मिलिमीटर सोडायचा नाही!" त्यांच्या चौदातल्या नऊ दुरुस्त्या परत सापडल्या. नऊ. आता एकेकाला फोन करतेय, जुने बूट फेकू नका, घेऊन या. निम्म्यांनी फेकलेत. एकानं मुलाच्या बागेत कुंडी केलीय त्याची.

काल बाई म्हणाल्या, मी घरी बसल्या बसल्या कागदावर स्वतःच पाय काढून आणते, तुझा वेळ वाचेल. आणला. बाबांनी बोटं फिरवली त्या रेघेवरून, पेन्सिल इतकी दाबून काढली होती की हाताला लागत होती. म्हणाले, "बाई, हा पाय तुमचा नाही. स्वतःचा पाय स्वतःला काढता येत नाही. काढायला वाकलं की भार सरकतो, पाऊल पसरतं. माणसानं सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्यानं खाली बसायचं." बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिकवलं, आज शून्य मिळालं." बाबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवते, मग थेंब घालायची वेळ होते, मग त्यांचं डोकं माझ्या मांडीवर असतं, आणि अशा वेळी कसं सांगायचं?

तूही खोटारडा, मीही खोटारडी. चांगली जोडी आहे आपली. बाबांनी मापं घेऊन केल्यासारखी.

१२ मार्च

धाकट्या,

सांगितलं.

आज सकाळी. थेंब घालायच्या आधी, म्हणजे ते बसलेले असताना. खालच्या खणातून डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "बाबा, धाकट्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा खोटं बोलले. बटण मी दाबलं. कागदही मीच दिले रद्दीत, त्यानं ठेव म्हटलं होतं." एका दमात म्हटलं, परवचा म्हटल्यासारखं.

त्यांनी डबी उलटसुलट केली. चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होते की आता फेकतील, मला मारतील, निदान पाणी प्यायला उठतील. मला ते हवंच होतं खरं तर.

ते म्हणाले, "पाय गेले ते गेले. मी त्याच्याशी त्यासाठी बोलत नाही असं तुला वाटलं?"

मी म्हटलं, "मग?"

"तो आला तेव्हा त्याच्या पायात कुणाचे बूट होते?"

मी ते कपाटामागे ढकलले होते रे. ते राखाडी, हलके, विकतचे, आत कुणीतरी घातलेली रबराची गादी. दारात दिसले तशी मी पायानंच आत सारले, पाहुण्यापुढे घाण लपवावी तसे. म्हटलं बाबांना दिसायचं नाही. त्यांना रेघ दिसत नाही म्हणून मी धीट झाले होते.

"मला दिसत नाही," बाबा म्हणाले, "ऐकू येतं. तो जिना चढत होता. बावीस पायऱ्या. उजवा पाय घासत होता. माझ्या बुटात तो पाय घासत नाही. तीस वर्षांत कधी घासला नाही. दुसऱ्या पायरीलाच मला कळलं. आणि टाच उचलून चढत होता, म्हणजे दुखतंय त्याला. आणखी दोन वर्षांनी गुडघा धरेल."

मग आवाज चढला, इतका की खालच्या दुकानदारानं वर बघितलं असेल. "बारा दिवस राहिला! बारा दिवस त्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसला. एकदा म्हणाला नाही, बाबा, पाय बघा. एकदा!"

म्हणजे सगळं असं होतं. मी तुझ्यावर डिस्कसाठी धुमसत होते, तू गुन्हा घेऊन मिरवत होतास, आणि ते आत बसून तुझ्या जिन्यावरच्या पावलांवर रागावलेले. महिनाभर तिघंही तीन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतो, आणि एकमेकांना विचारलं कुणीच नाही.

बूट का बदललेस ते मला कळतं. तपकिरी, जाड, एक तळ उंच, तुझ्या त्या काचेच्या ऑफिसात लोक बघत असतील. लाज वाटली असेल. मलाही शाळेत वाटायची, तुझ्याबरोबर चालताना, त्या बुटाच्या टक् टक् आवाजाची. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पण लाज वाटली तर तसं म्हण! राखाडी हवेत म्हण, हलके हवेत म्हण. बाबांनी राखाडी चामडं आणलं असतं. हलक्या तळासाठी शंभर ठिकाणी हिंडले असते. तू म्हणायला हवं होतंस. तुला वाटलं, बाबांना दुखेल. म्हणून तू गुडघा दुखवून घेतोयस. मीही तेच केलं, तेव्हा तुला बोलायला मला तोंड नाही. तरी बोलणार.

दुपारी बाबांनी मला साचे काढायला लावले. फडताळातले चाळीस, जमिनीवर मांडले. ते मांडी घालून बसले आणि एकेक हातात घेऊन बाजूला सारत गेले. अठ्ठाविसावा हातात राहिला. म्हणाले, "हा धाकट्याचा. तुकडे कुठं लावायचे ते अंगठ्याला आठवतंय. पण ते जुन्या पायाचं. त्या बुटांनी आता काय करून ठेवलंय कोण जाणे. नवीन काढावा लागेल." मग म्हणाले, "नव्या फाइलींत पहिल्या नंबरवर दुसरं कुणी घालू नकोस. जागा ठेव."

गणिताच्या बाईंचा नंबर म्हणून मी दोन टाकलाय. बाई चिडल्या. त्यांना दुसरा नंबर सवयीचा नाही.

मी म्हटलं, "बाबा, पाकिटातून खाकी कागद पाठवते. तो तिकडेच कुणाकडून काढून घेईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघितलं, त्यांना तसंच बघावं लागतं. "कुणाकडून?" म्हणाले. एवढंच. तुला उत्तर सुचतंय का? तुझ्यापुढे जमिनीवर बसून तुझा उघडा पाय हातात घेईल असं तिकडे कुणी आहे का? असेल तर तसं लिही, मी आजच कागद पाठवते.

नसेल तर ये. सुट्टी नाही म्हणायचं नाही. डबी पाठवायची नाही. पाठवलीस तर तशीच परत येईल. त्या मशीनला हात लावायचा नाही. ते राखाडी बूट घालूनच ये, बाबांना ते उसवून बघायचेत, आत कुणी काय शहाणपणा केलाय तो.

मी अजून रागावलेलीच आहे. पत्रं लिहून राग जातो म्हणतात, माझा गेला नाही, उलट आता कुणाकुणावर आहे ते नीट कळतंय. तू आलास की मी बोलणार आहे, डबीचं बोलणार, खिडकीतल्या तीन दिवसांचं बोलणार, आणि तू उभा असशील, कागदावर अनवाणी, तुला हलता येणार नाही. हललास तर रेघ बिघडते.

बाबांना दिसत नाही, तेव्हा पेन्सिल मी धरणार आहे. खाली मी बसणार आहे. रेघ मी सरळ काढेन.

ताई